बिबट्याचा जावक क्रमांक

देवळाली प्रवराच्या बाहेर, कालव्याच्या चारीच्या अलीकडे जी नवी कॉलनी झाली आहे, तिच्या अगदी शेवटच्या बंगल्यासमोरून बिबट्या गेला, आणि ही गोष्ट बंगल्याचे मालक यज्ञेश्वर सबनीस सोडून कुणीही मान्य करायला तयार नव्हतं. पुरावा नव्हता असं नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यानं तो चांगला डाव्या बाजूनं टिपला होता. सबनीसांनी मोठ्या अपेक्षेनं ते चित्रण कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, तर एकानं विचारलं, "हे कुत्रं कुणाचं?" दुसऱ्यानं कॅमेऱ्याची काच पुसून घ्यायचा सल्ला दिला. तिसऱ्यानं तर हा व्हिडिओ आपल्याला मागच्याच वर्षी जुन्नरहून आला होता, असं छातीठोकपणे सांगितलं. चित्रणात सबनीसांची स्कूटर होती, स्कूटरवर लीनाताईंनी वाळत घातलेलं पायपुसणं होतं, सगळा संसार स्वच्छ दिसत होता. तरी बिबट्या मात्र जुन्नरचा ठरला. मग कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकलं आणि विषय मिटला.

सबनीसांना हा अपमान झोंबला. नगरच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी उभी नोकरी आवक-जावक विभागात काढली होती. आलेलं प्रत्येक पत्र आवक, गेलेलं प्रत्येक पत्र जावक, प्रत्येकाला नवा क्रमांक, आणि समोरच्याची पोच मिळाल्याशिवाय टपाल गेलं असं मानायचं नाही, हा त्यांचा धर्म. साहेब आले, गेले, एकदा तर अख्खं कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलं, पण सबनीसांच्या हातून एक पाकीट कधी गहाळ झालं नाही. अशा माणसाला लोक म्हणत होते की तुमचा बिबट्या खोटा.

पण नुसता अपमान असता तर त्यांनी तो गिळला असता. पेन्शनर माणसाला ती सवय असते. खरी भीती वेगळीच होती. चारीपलीकडच्या वस्तीवरून चांगुणा रोज संध्याकाळी कॉलनीत दूध घालायला यायची. शाळेतून सुटलेली तिची मुलगी पूजा बरोबर असायची. म्हशींची धार निघणार पाचनंतर, दूध घालून होईपर्यंत हिवाळ्याचा दिवस कलणार, आणि परत जायची वाट एकच, उसाला खेटून, चारीवरच्या मोरीवरून जाणारी. बिबट्याही त्याच वाटेनं आला होता आणि त्याच वाटेनं गेला होता. हे चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सबनीस फाटकाशी जाऊन मोजमाप घेऊन आले होते. पूजाची उंची त्यांच्या फाटकाच्या कडीएवढी होती, आणि बिबट्याची पाठ त्या कडीच्या जेमतेम दीड वीत खाली येत होती.

एका संध्याकाळी ते हातात काठी आणि बॅटरी घेऊन मायलेकींना पोचवायला निघाले. सुखरूप पोचवलंही. मग एकट्यानं परत यायची वेळ आली, तेव्हा त्यांचे पाय काही केल्या उचलेनात, आणि शेवटी चांगुणाच त्यांना परत कॉलनीपर्यंत सोडायला आली. हा प्रयोग पुन्हा झाला नाही. त्याऐवजी सबनीसांनी नियम घालून दिला.

"घरी पोचलीस की मला मिस कॉल द्यायचा. एक रिंग. मी उचलणार नाही. तूही माझा फोन आला तर उचलायचा नाही, फुकट पैसे कशाला? मी दिलेला मिस कॉल म्हणजे 'निघालीस का' आणि तू दिलेला म्हणजे 'पोचले'. समजलं?"

"व्हय दादा," चांगुणा म्हणाली. "आता फोन फुकट झालेत पन. आख्खं बोललं तरी पैसं पडत न्हाईत."

"पडोत न पडोत. पद्धत ती पद्धत."

तेव्हापासून दिवेलागणीला सबनीस फोन समोर ठेवून बसत. एक रिंग वाजली की 'पोच मिळाली' असं म्हणत आणि मगच चहाला हात लावत.

पिंजरा मिळवायचा तर वनखात्यानं बिबट्यांच्या अभ्यासासाठी काढलेल्या एका केंद्राकडे अर्ज करायचा, असं सबनीसांना कळलं. तिथल्या रेश्मा मॅडमचा आवाज फोनवर चांगलाच थकलेला होता.

"काका, बिबट्याच्या नावानं रोज इतके खोटे व्हिडिओ येतात की व्हॉट्सॲपवर आलेलं आम्ही धरतच नाही. कॅमेऱ्यातली मूळ फाइल, जशीच्या तशी, आमच्या सर्व्हरवर पाठवायची. कमांड देऊन. मधे कुणी उघडू शकत नाही, बदलू शकत नाही."

"पेनड्राइव्ह घेऊन समक्षच येतो की."

"पेनड्राइव्ह बंद केलेत. मागं एकानं बिबट्याबरोबर व्हायरस आणला. तुम्ही पाठवा, फाइल आली की आधी मशीनच बघतं. बिबट्या दिसला की एक नोंद करतं, आणि किती नोंदी आल्या त्यावर आम्ही पिंजरे काढतो. मात्र आज संध्याकाळच्या आत पाठवा. उद्यापासून सुट्ट्या लागून आल्यात, मग पिंजरा हलायचा नाही."

'सीलबंद टपाल' एवढा अर्थ सबनीसांना कळला, आणि सीलबंद टपालाच्या बाबतीत ते कुणाला हार जाणारे नव्हते. त्यांनी हैदराबादला मुलीला फोन लावला. अनन्या तिथं कंपनीत अशीच कामं करते, असा घरात समज होता.

अनन्यानं दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायला सांगितलं आणि एक ओळ टाइप करवली. "आता दोन किल्ल्या तयार झाल्या, बाबा. 'पब' लिहिलेली त्या मॅडमना ईमेल करायची. दुसरी खाजगी. ती जपून ठेवायची. कळलं ना? जपून!" आणि ती मीटिंगला गेली.

आता, कुठलीही किल्ली जपून ठेवायची म्हणजे एक आपल्याकडे आणि एक शेजारी, हे देवळालीत शेंबड्या पोरालाही कळतं. स्वतःजवळची किल्ली हरवते, शेजारची हरवत नाही. सबनीसांच्या घराची जोडकिल्ली रस्त्यापलीकडच्या सूर्यभानच्या देवघरातल्या खिळ्याला पहिल्या दिवसापासून टांगलेली होती. तेव्हा सबनीसांनी ती खाजगी किल्ली पेनड्राइव्हवर उतरवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीवर 'बिबट्या' अशी चिठ्ठी डकवली आणि ती सूर्यभानच्या हवाली केली.

सूर्यभान पन्नाशीचा बागायतदार. मोरीला लागून असलेला ऊस त्याचाच. माणूस जिवाला जीव देणारा, पण बिबट्या हा शब्द निघाला की त्याचं डोकं फिरायचं.

"सायेब, तुमाला हजारदा सांगितलं, ते रानमांजार हाय. मोटं आसंल, पन मांजारच. तुमी पिंजरा आनला की तोडीची टोळी निम्म्या रस्त्यातून माघारी फिरती का न्हाई बगा. मंग उसाचं मी काय करू? बसून खाऊ?"

"सूर्यभान, उद्या त्या पोरीवर झडप पडली तर?"

"पडत न्हाई वो." पण हे म्हणताना सूर्यभाननं सबनीसांकडे न बघता उसाकडे बघितलं. पेनड्राइव्ह त्यानं देवघरात ठेवला, वर कुंकूही वाहिलं. मतभेद असले तरी किल्ली ठेवून घ्यायला नाही म्हणणारा शेजारी अजून त्या गल्लीत जन्मायचा होता.

दुपारी अनन्याचा फोन आला. सबनीसांनी तिला ही व्यवस्था अभिमानानं सांगितली.

"बाबा, ती किल्ली जगात कुणालाही द्यायची नसते."

"अगं, कुणालाही कुठं दिली? सूर्यभानला दिली."

"अहो, आपल्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे," लीनाताई मधेच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या त्याच कपाटात आहेत, आणि बिबट्याची तेवढी नको?"

पण अनन्या ऐकेना. जुनी किल्ली रद्द, नवीन तयार, तिला परवलीचं वाक्य, ते नवं 'पब' रेश्मा मॅडमना ईमेल, सोबत दिलगिरीचं पत्र. परवलीचं वाक्य टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना. सबनीसांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून फरसाण पडलं, पण अक्षर उमटलं नाही. "दिसत नाही ते मुद्दामच आहे," असं अनन्यानं सांगितलं, तेव्हा त्यांना या पद्धतीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. गोपनीय कागद असाच हवा, लिहिणाऱ्यालासुद्धा न दिसणारा. या सगळ्यात उन्हं भिंतीवरून खाली उतरली होती.

घरातलं इंटरनेट गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीनं ईमेल गेल्या गेल्या तोडलं. लीनाताईंच्या फोनला रेंज लागायची ती फक्त राहुरीला गेल्यावर. उरला सबनीसांचा फोन, आणि त्याला नेटची रेंज होती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर. म्हणून फोन टाकीवर, लॅपटॉप उपड्या बादलीवर आणि सबनीस स्वयंपाकघरातल्या पाटावर, असं जावक कार्यालय गच्चीत थाटलं गेलं. तिथून मोरी सरळ समोर दिसत होती. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधे पांढरी वाट.

त्यांनी फाइलला रीतसर नाव द्यायला घेतलं: जा.क्र./१/बिबट्या. लॅपटॉपला तिरपी रेघ चालेना. रेघेशिवाय जावक क्रमांक म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका. पण वेळ नव्हता. सबनीसांनी ओठ आवळून आडवी रेघ स्वीकारली आणि अनन्यानं लिहून पाठवलेली, फाइल रवाना करायची एससीपी नावाची कमांड एकेक अक्षर तपासत टाइप केली.

सर्व्हरनं उलट प्रश्न केला. या यंत्राची ओळख पटलेली नाही, हा त्याचा ठसा, पुढं जायचं का? अनन्यानं 'यस लिहा आणि पुढं चला' असं कळवलं होतं. तिचं वय लहान. ओळख पटलेली नसताना 'हो' म्हणून मोकळं होणारी माणसंच पुढं चौकशीला उभी राहतात. सबनीसांनी रेश्मा मॅडमना फोन लावून तो ठसा अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला सांगितलं.

"काका, आजपर्यंत हे मला कुणीच विचारलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं की वैताग, हे कळलं नाही. ठसा जुळला. तोवर सर्व्हर ताटकळून बंद पडला होता, म्हणून कमांड पुन्हा दिली. सबनीसांनी नुसतं 'वाय' लिहिलं. सर्व्हरला ते पुरेना, त्याला अख्खा 'यस' हवा होता. तो दिला. परवलीचं वाक्य अंधारात चाचपडावं तसं टाइप केलं. आणि मग ओळीच्या टोकाला टक्के दिसू लागले. एक. दोन. तीन.

"निघाला!" सबनीस जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले.

"कोण, बिबट्या?" खालून लीनाताईंनी घाबरून दार लावल्याचा आवाज आला.

टक्के तिशीला पोचले आणि टाकीवर फोन वाजला. कॉलनीतले एक गृहस्थ होते. "काय सबनीस, ऐकलं की सरकारला व्हिडिओ पाठवताय? मी काय म्हणतो, त्यापेक्षा थेट पेपरला द्या." सबनीसांनी त्यांना कसंबसं वाटेला लावलं आणि वळून पाहिलं, तर टक्के थांबले होते. काळ्या खिडकीत 'संपर्क तुटला' अशा अर्थाची ओळ आली होती. त्या रेंजमध्ये फोन आला की नेट तुटतं, हा शोध त्यांना तिथं लागला.

अनन्याचा निरोप आला: 'त्याच नावानं परत पाठवा, जुनीवर नवी बसेल. आणि फोनवर येणारे कॉल तेवढे बंद ठेवा.'

या दोन्ही गोष्टी अशक्य होत्या. एका जावक क्रमांकावर दोनदा टपाल पाठवणं म्हणजे सरळसरळ अफरातफर. परत आलेलं पाकीटसुद्धा नव्या क्रमांकानंच जातं. त्यांनी फाइलला दोन नंबर दिला. आणि कॉल बंद कसे ठेवणार? संध्याकाळी चांगुणाची पोच त्याच फोनवर यायची होती. बंद केले आणि उघडायचे राहिले तर? छे. सबनीसांनी पुन्हा कमांड दिली.

दोन नंबर चाळिशीत असताना मेहुण्याचा फोन आला. बिबट्याला लाल मिरचीची धुरी देतात, असं त्याच्या ऐकण्यात होतं. तीन नंबर अर्ध्यावर असताना एका बाईनं साडीच्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. सबनीस तिच्यावर असे ओरडले की लीनाताई वर धावून आल्या. चार नंबरच्या वेळी स्वतः रेश्मा मॅडमचा फोन होता: "काका, तुमची एकही फाइल पूर्ण येत नाहीये, काय झालंय?" तुम्ही फोन केलात हेच झालंय, हे वाक्य त्यांनी महत्प्रयासानं गिळलं. पाचव्या वेळी सूर्यभान बोलला, "सायेब, आजून इचार करा, टोळीचा मुकादम उद्या येतोय," आणि त्याच्या उसाबरोबर सबनीसांचे पंचावन्न टक्केही गेले. सहाव्याच्या वेळी कुणीच बोललं नाही. नुसती एक रिंग आली आणि थांबली. सबनीसांनी झडप घालून नाव पाहिलं. पण ती चांगुणा नव्हती, मोबाइल कंपनी होती.

सात नंबर निघाला तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. आता फोन वाजू नये म्हणून सबनीस पाटावरही बसेनात. टाकीपाशी उभे राहून ते फोनकडे आणि लॅपटॉपकडे आळीपाळीनं बघत होते. साठ. पासष्ट. त्यांनी मनातल्या मनात मोहिनीराजाला नवस बोलला. नेवाशाला स्वतः येऊन पेढे ठेवीन, आणि पोच घेणार नाही, असंही कबूल केलं. सत्तर.

खाली किटल्यांचा आवाज झाला. चांगुणा आज उशिरा आली होती. पूजाच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम होता, पोरीच्या केसांत अजून कागदाची फुलं होती.

"जरा थांब गं," लीनाताई म्हणत होत्या. "आज यांचा पिंजरा येतोय."

"म्हशी हंबरत आसत्याल ताई. रेडकू सोडायचंय. जाते पटाकनी." आणि फाटक वाजलं.

सबनीस कठड्याशी गेले. मायलेकी पांढऱ्या वाटेला लागल्या होत्या. पुढं चांगुणा, डोक्यावर चुंबळ, हातात रिकाम्या किटल्या. मागं पूजा, एका पायावर लंगडी घालत. लॅपटॉपवर अठ्ठ्याऐंशी झाले होते. नव्वद. ही फाइल दहा मिनिटं आधी गेली असती तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सवयीनं पुढं मोरीकडे पाहिलं.

मोरीच्या कठड्यावर कुणीतरी बसलं होतं. उजेड कमी होता, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. पुसून पुन्हा घातला. कठड्यावरून एक लांब शेपूट खाली लोंबत होतं आणि त्याचं टोक हळूच डावीकडून उजवीकडे हललं.

चौऱ्याण्णव टक्के. फोन केला तर संपर्क तुटणार, पिंजरा जाणार, सुट्ट्या लागणार. सबनीसांनी या सगळ्याचा विचार केला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्यांनी टाकीवरून फोन ओढला आणि चांगुणाचा नंबर लावला. मागं काळ्या खिडकीत टक्के जागच्या जागी थिजले.

वाटेवर चांगुणा थबकली. तिनं कमरेचा फोन काढला, बघितला, आणि हसून परत खोचला. दादांचा मिस कॉल. म्हणजे 'निघालीस का'. दादांनीच सांगितलं होतं, उचलायचा नाही.

सबनीसांनी पुन्हा लावला. या वेळी तिनं लगेच कट केला, उगाच दादांचे पैसे नकोत म्हणून, आणि दोन पावलं झपाझप टाकली. तिसऱ्यांदा लावताना सबनीसांच्या हातातून फोन निसटून गच्चीवर आपटला. आपण घालून दिलेली पद्धत कुणी इतकी काटेकोर पाळलेली त्यांना सगळ्या नोकरीत कधी दिसली नव्हती.

"चांगुणाऽऽ!" ते ओरडले. पोर लंगडी घालत आईच्या पुढं गेली होती. "बिबट्याऽऽ! सूर्यभान! अरे बिबट्या!"

कॉलनीतल्या दोनचार खिडक्या उघडल्या. "सबनीसांचं सुरू झालं," असं कुणीतरी म्हटलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. पण सूर्यभान बांधावर ट्रॅक्टरपाशी उभा होता, आणि त्यानं सबनीसांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यानं मोरीकडे बघितलं. मग ज्या चपळाईनं तो ट्रॅक्टरवर चढला, तशी त्याच्या देहाकडून कुणी अपेक्षा केली नसती.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर गाणी लावायची आपल्याकडे रीतच आहे. सूर्यभानच्या ट्रॅक्टरला पुढं दोन आणि मागं दोन भोंगे होते. चारही एकदम सुटले. देवीचं गाणं, ढोलासकट, पूर्ण आवाजात. दिवे लावून, हॉर्न दाबून, ट्रॅक्टर वाटेवरून मोरीच्या दिशेनं उधळला. चांगुणानं पोरीला पोटाशी ओढलं आणि ती दोन्ही किटल्या एकमेकींवर आपटायला लागली. कठड्यावरचं जनावर उभं राहिलं. एक क्षण त्यानं त्या सगळ्या प्रकाराकडे बघितलं, आणि मग उडी टाकून ते उसात दिसेनासं झालं.

सबनीस अनवाणीच वाटेवर पोचले तेव्हा सूर्यभान स्टिअरिंगला धरून तसाच बसला होता. गाणं चालूच होतं.

"सायेब," तो म्हणाला, "लई मोटा हाय वो."

"तरी मी म्हणत होतो," असं म्हणायची हीच वेळ होती. सबनीसांनी त्यासाठी किती दिवस वाट पाहिली होती. पण ते आधी पोरीकडे वळले. त्यांनी पूजाच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतलं एक कागदी फूल उगाचच सरळ केलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दादा, तुमी तर मिस कॉल दिल्ता ना?" चांगुणा किटल्या खाली ठेवत म्हणाली. "म्या म्हनलं..."

"चुकलं माझं," सबनीस म्हणाले. "पद्धतीत दुरुस्ती करू. मी दिला तर उचलायचा."

एव्हाना सगळी कॉलनी काठ्या, बॅटऱ्या आणि एक क्रिकेटची बॅट घेऊन वाटेवर जमली होती. मागच्याच वर्षी हा व्हिडिओ पाहिलेले गृहस्थ सर्वांत पुढं होते, आणि 'मी पहिल्यापासून म्हणत होतो' असं सांगत होते. फाइल गेली का, असं कुणीतरी विचारलं. सबनीसांनी मान हलवली. एकही पूर्ण गेली नव्हती. आता सुट्ट्या संपेपर्यंत काही होणार नव्हतं. लोकांनी बॅटऱ्या उसाकडे रोखल्या.

आणि तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर दिवे दिसले. एक टेम्पो आला. त्यामागं दुसरा. त्यामागं तिसरा. तिन्हींवर लोखंडी पिंजरे. पहिल्यातून रेश्मा मॅडम उतरल्या. फोनवरच्या आवाजापेक्षा त्या बऱ्याच तरुण होत्या.

"सबनीस काका कोण? सगळ्यांना आत घ्या आधी! बाहेर कुणी थांबू नका! सात बिबटे आहेत इथं!"

"सात?" सूर्यभाननं ट्रॅक्टरचं चाक धरलं.

"मशीननं सात नोंदी दिल्यात, सातवी तर आम्ही वाटेत असताना. एकाच दुपारी, एकाच फाटकासमोर, जावक एक ते जावक सात. एवढ्या नोंदी एका जागी आम्ही कधी पाहिल्या नाहीत. दुसऱ्या दोन गावांना ठरलेले पिंजरे वळवून आणलेत मी. फक्त प्रत्येक फाइल मधेच का तुटलीय, ते कळेना."

सबनीसांच्या सगळं ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर सात बिबट्यांच्या मानात त्या गर्दीत सुखानं उभा राहिला असता. पिंजरे आले होते, लोक आदरानं बघत होते. पण ज्यांचे पिंजरे वळवले, त्या गावांतही कुणी चांगुणा असणार, तिलाही एकच वाट असणार.

"मॅडम," ते पुढं होऊन म्हणाले, "सात नाहीत. एकच आहे. सात वेळा अर्धा-अर्धा पाठवलाय. दर वेळी क्रमांक नवा देणं भाग होतं."

"भाग होतं? का?"

हे समजावून सांगायला सबनीसांनी तोंड उघडलं, पण मॅडमचा चेहरा पाहून मिटलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग सगळ्यांनी आपापल्या परीनं मोरीवरचा प्रकार एकदम सांगायला सुरुवात केली. मॅडमनी बॅटरीच्या उजेडात कठड्याजवळच्या मातीतले ठसे पाहिले आणि त्यांचा राग बराच उतरला. दोन टेम्पो जागच्या जागी वळवून त्यांनी ज्या त्या गावाला रवाना केले. तिसऱ्यातला पिंजरा कुठं ठेवायचा, एवढाच प्रश्न राहिला.

"माज्या बांदावं ठिवा," सूर्यभान म्हणाला. "उसाच्या तोंडाशी."

"आणि टोळी?" सबनीसांनी हळूच विचारलं.

"टोळीच्या बी बाया-पोरं असत्यात की सायेब. धरल्यावं येत्याल." त्यानं ट्रॅक्टर सुरू केला, मायलेकींना मागं बसवलं, आणि भोंगे लावूनच वस्तीकडे निघाला.

मॅडमनी जाताना पिंजरा मिळाल्याच्या कागदावर सही मागितली. सबनीसांनी ती दिली, आवक क्रमांक घातला, आणि मग जरा चाचरत म्हणाले, "आमच्या टपालाची पोच?"

"काका, एकही फाइल पूर्ण पोचली नाहीये," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

घरी येऊन सबनीस फोन समोर ठेवून बसले. काचेला तडा गेला होता. लीनाताईंनी चहा ठेवला, पण त्यांनी हात लावला नाही. बराच वेळ गेला. ट्रॅक्टरचं गाणं लांब जाऊन थांबलं होतं. मग एक रिंग वाजली आणि तुटली. चांगुणा.

"पोच मिळाली," सबनीस म्हणाले आणि कप उचलला.

तेवढ्यात पुन्हा एक रिंग वाजली आणि तुटली. सबनीसांनी चष्मा वर करून नाव पाहिलं. सूर्यभान. मिस कॉलच्या या पद्धतीला गल्लीत सर्वांत जास्त हसलेला माणूस तोच होता. ते नावाकडे बघतच होते, तर तिसरी रिंग आली. पेपरला द्या म्हणणारे गृहस्थ. मग क्रिकेटची बॅट. मग मागच्या वर्षीचा व्हिडिओ. एकेक रिंग, एकेक घर. कुणी कुणाला सांगितलं होतं, देव जाणे. बऱ्याच उशिरानं दोन अनोळखी नंबरांवरून एकेक रिंग आली. दोन्ही टेम्पो आपापल्या गावी पोचले असावेत.

सबनीसांचा चहा केव्हाच निवला होता. लीनाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अजून किती राहिलेत हो?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "सगळे पोचले."